एकेचाळीस सोंडा

१

सकाळी सात वाजता बहात्तर सापळे आपापला फोटो पाठवतात आणि मी ते बघतो. माझं काम एवढंच. नऊ गोदामं, प्रत्येकात आठ सापळे. सापळा म्हणजे पत्र्याचं बसकं खोकं. आत चौकटी छापलेला चिकट कागद, मधोमध मादीच्या वासाची गोळी, वर नखाएवढा कॅमेरा. गव्हातला सोंडकिडा वासाला भुलून येतो, चिकटतो, मरतो. शिवाय पोत्यांच्या प्रत्येक थप्पीत एकेक सळई खुपसलेली आहे, तिच्या टोकाला माइक. तिला आम्ही कान म्हणतो. आत किडा दाणा पोखरत असला की कान तो आवाज बिनतारी वर पाठवतो. हेडफोन लावला तर लांब कुठेतरी कोणी कागद चुरगाळत बसलंय असं वाटतं. ते कधीच थांबत नाही.

वर म्हणजे माझी खोली. अठरा लोखंडी पायऱ्या चढून यावं लागतं आणि अठराही पायऱ्या वाजतात, त्यामुळे कोण येतंय ते मला आधीच कळतं. मॅनेजर साहेब सातव्या पायरीवर दम खातात. आत्या चपला फटफटवत येते. बाबांचे बूट एका मापात पडतात, ठण, ठण, ठण. माणूस जिना चढतोय की जिन्याला समज देतोय तेच कळत नाही.

बाबा इथे धुरीच्या, म्हणजे कीड मारायला गॅस सोडणाऱ्या टोळीचे मुकादम. एकतीस वर्षं. यंत्रं येण्याआधी ते पोत्याला कान लावून किती कीड आहे ते सांगायचे आणि बरोबर सांगायचे, हे मी मान्य करतो. बाकी फारसं काही मान्य करत नाही. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, कारण तिथले सर माझ्या जन्माआधीच्या वह्या वाचून दाखवायचे आणि त्याला शिकवणं म्हणायचे. बाबांच्या भाषेत मी पळून आलो. ही नोकरी त्यांच्या शब्दावर मिळाली. तो शब्द ते मला रोज जेवताना वाढतात.

टेबलावर पाहुण्यांना दाखवायला एक नमुन्याचं कार्ड ठेवलंय. सात सोंडकिडे चिकटवलेले, वर पारदर्शक झाकण. गेली दोन वर्षं ते तसंच आहे, कोणी हात लावत नाही.

२

सोमवारी सहा नंबरचं गोदाम स्क्रीनवर लाल झालं. नवे किडे दोनशे बारा.

हा आकडा प्रोग्रॅम कसा काढतो ते सांगायला हवं. तो किडे मोजतच नाही. कालच्या फोटोतून आजचा फोटो वजा करतो आणि जो फरक उरतो त्याला नवे किडे म्हणतो. किडे डॉक्टरांनी तो तसा लिहून घेतला. हे किड्यांवर पीएच.डी. केलेले आमचे सल्लागार, वर्षातून दोनदा येतात आणि स्वतःच्या विनोदावर हसतात.

मी सहाच्या तिसऱ्या सापळ्याचा फोटो मोठा केला. कागद कालच्यासारखाच दिसत होता. बोट ठेवून मोजलं. काल एकेचाळीस, आज एकेचाळीस. एकही नवा नाही. मग फरक कसला?

दोन्ही फोटो एकावर एक ठेवून आलटून पालटून बघितले. काल, आज, काल, आज.

एकेचाळीस मेलेले किडे जागच्या जागी वळले होते.

सोंडकिड्याला पुढे सोंड असते, त्यामुळे त्याचं तोंड कुठे आहे ते आंधळ्यालाही कळेल. चिकटलेला किडा वेडावाकडा मरतो. एकाची सोंड इकडे, दुसऱ्याची तिकडे. आज सगळ्या सोंडा एका दिशेला होत्या. शाळेच्या रांगेतसुद्धा इतकी शिस्त नसते.

आधी मी माझ्या अकलेचा संशय घेतला, ती सवय घरानेच लावली आहे. कागद सरकला असेल? छापलेल्या चौकटी जागच्या जागी होत्या. कॅमेरा फिरला असेल? मग वासाची गोळीही फिरलेली दिसली असती. उन्हाने डिंक पातळ झाला असेल? तर किडे खाली घसरले असते, वळले नसते. सहामधले उरलेले सात सापळे उघडले. तेच. फक्त दिशा प्रत्येक सापळ्यात वेगळी होती. पहिल्यात उजवीकडे, आठव्यात डावीकडे.

गोदामाचा नकाशा कागदावर काढला आणि प्रत्येक सापळ्यातून पट्टीने एक रेघ ओढली. आठही रेघा एका ठिकाणी येऊन भेटल्या. चौथी आणि पाचवी थप्पी, त्यांच्यामधली फट.

३

सहामध्ये आत्या फाटकी पोती शिवते. बाबांची मोठी बहीण. तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. मी गेलो तेव्हा भर दुपार होती आणि छताच्या काचांतून खाली ऊन पडलं होतं.

"आलास का रे, वरच्या मजल्यावरचे साहेब? पाय झिजले नाहीत ना?"

"आत्या, चौथी-पाचवीच्या फटीत काही आहे?"

"फटीत काय असणार? तुझा बाप आडवा झाला तरी मावणार नाही तिथे." मग दाभण पोत्यात खोचून ती हळू आवाजात म्हणाली, "पण चिमण्या बघ."

तीन चिमण्या पोत्यावर बसल्या होत्या. आत्याने एक सरळ उचलली. ती उडाली नाही. जिवंत होती, छातीचा भाता हलत होता. आत्याने हात डावीकडे नेला तर चिमणीची मान उजवीकडे वळली. हात मागे नेला तर मान पार उलटी फिरली. तोंड त्या फटीवरून हलायला तयार नव्हतं.

"सकाळपासून हेच चाललंय. त्या कोपऱ्याकडे उडत आल्या, काय दिसलं कोण जाणे, आणि तेव्हापासून अशा. मी नाही गं बाई तिकडे बघत. माझं तोंड सुईकडे."

मी बघितलं. फटीत अंधार होता, फटीत असतो तेवढाच. काही नव्हतं. पण तिथे उभं राहिल्यावर काहीतरी कमी असल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

चार वाजता तिन्ही चिमण्या मेल्या. आत्याने त्या दाराशी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

मंगळवारी सकाळी सोंडा पुन्हा वळलेल्या होत्या. रेघा आता सहाव्या आणि सातव्या थप्पीमध्ये भेटत होत्या. मी खाली जाऊन डब्यात डोकावलो. मेलेल्या चिमण्यांच्या चोचीही सहावी-सातवीकडे होत्या.

४

काय कमी होतं ते मला हेडफोन लावल्यावर कळलं.

सहामधले बाराही कान एकेक करून ऐकले. पहिल्या थप्पीत कागद चुरगाळल्यासारखा आवाज. दुसरीत तोच. पाचवीपर्यंत तोच. सहावीत काहीच नाही. सातवीतही नाही. आठवीत पुन्हा आवाज. कान बिघडला म्हणावं तर तो पंख्याची घरघर नीट पाठवत होता. फक्त खाणं थांबलं होतं.

मी ऐकत बसलो. वीस मिनिटांनी सहावी खायला लागली आणि आठवी गप्प झाली. शांतता एका थप्पीवरून पुढच्या थप्पीवर सरकत होती. घाई नव्हती तिला. नवीन भाडेकरू खोल्या बघत फिरतो तशी.

एवढं हातात घेऊन मी मॅनेजर साहेबांकडे गेलो. बाबा तिथेच होते, गुरुवारच्या धुरीचं ठरत होतं. लाल म्हणजे धुरी, तसा नियमच आहे. सगळ्या थप्प्यांवर प्लॅस्टिकच्या चादरी ओढायच्या, कडा दाबायच्या, आत गॅसच्या गोळ्या ठेवायच्या आणि बाहेर पडून दार बंद करायचं. अकरा माणसं आत जातात. शेवटी मुकादम एकटा फिरून कडा तपासतो, सगळ्यांच्या मागून बाहेर येतो, दार स्वतः ओढतो आणि माणसं मोजतो. बाबांनी एकतीस वर्षांत शेवटची जागा कोणाला दिलेली नाही.

"धुरी नको. सहामध्ये कोणी जाऊ नका," मी म्हणालो आणि नकाशा टेबलावर ठेवला.

साहेबांनी किडे डॉक्टरांना फोन लावला. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

"बाळ," ते म्हणाले, "वजाबाकी चुकत नाही. बघणारा चुकतो. तू कितव्या वर्षाला सोडलंस म्हणालास?"

साहेब हसले. बाबा हसले नाहीत, ते त्याहून वाईट वागले. माझा नकाशा उचलला, चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात ठेवला, लहान मुलाच्या खिशात रुमाल ठेवतात तसा.

"आज काय, रेघा. उद्या काय, भुतं? पाच वर्षांचा होतास तेव्हा पलंगाखाली कोणीतरी आहे म्हणून रडायचास."

"तेव्हा तुम्ही वाकून बघितलं होतं, बाबा."

"तेव्हा तू पाच वर्षांचा होतास," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

चूक डॉक्टरांच्या वजाबाकीत होती आणि तिच्यावर विश्वास ठेवून माझा बाप त्या थप्प्यांमधून एकटा, सगळ्यांच्या शेवटी फिरणार होता. मला ते मंगळवारीच दिसलं. आणि त्या खोलीत शिक्षण सोडलेला मी एकटाच होतो.

५

गुरुवारी दहाला टोळी आत गेली. आत्याही आत शिवणाचं सामान आवरत होती. मी वरून ऐकत होतो. शांतता बाराव्या थप्पीपाशी होती, लांबच्या टोकाला. चला, म्हटलं, तिकडेच राहू दे. मग अकरावी गप्प झाली. दहावी. नववी. आता वीस मिनिटं लागत नव्हती.

टेबलावरच्या नमुन्याच्या कार्डाकडे माझं लक्ष गेलं. दोन वर्षांपूर्वी मेलेले सात किडे. सातही सोंडा भिंतीकडे, भिंतीपलीकडे सहा नंबर.

कार्ड उचललं, फोनला हेडफोन जोडला आणि अठरा पायऱ्या चार उड्यांत उतरलो.

बाबा दारात उभे होते. बोलून काय उपयोग, हे मला एकवीस वर्षांत कळलं होतं. हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि आठवी थप्पी लावली.

"हे काय?"

"ऐका फक्त."

ते ऐकायला लागले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांचं सगळं आयुष्य त्या आवाजात गेलंय. गोळ्या ठेवल्यावरसुद्धा तो आवाज चार दिवस मरत नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मी सातवी लावली. तिथे किडे खात होते. बाबांनी मान हलवली. आणि त्यांच्या कानातच सातवी थांबली.

"सहावी लावू?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन काढला. "कुठून बाहेर काढू सगळ्यांना?"

असं त्यांनी मला विचारलं. जन्मात पहिल्यांदा. मी कार्ड आडवं धरलं. सात सोंडा होकायंत्राच्या काट्यासारख्या सावकाश फिरत होत्या. "उजव्या भिंतीने. आणि डावीकडे कोणी बघू नका. कोणीच नाही."

"ऐकलंत का रे? गोळ्या तिथेच टाका. उजवी भिंत धरा, डोळे पायाकडे. माझा पोरगा सांगतो तसं."

पोरं आली. आत्याही आली, पदर डोळ्यांवर ओढून, भिंतीला हात लावत. लंबू आला नाही. टोळीतला सगळ्यात उंच माणूस, कोणाचं ऐकून घेईपर्यंत त्याला वेळ लागतो. तो पाचव्या थप्पीपाशी गोळ्यांचा डबा हातात धरून उभा होता आणि डावीकडे बघत होता. हाक मारली, हलला नाही. आम्ही दोघं डोळे खाली घालून गेलो. बाबांनी त्याला पाठीमागून दोन्ही हातांनी उचललं. त्याची मान मात्र डावीकडेच वळत राहिली, त्या चिमणीसारखी. मी शर्ट काढला आणि त्याच्या तोंडावर बांधला. मान एकदम सैल पडली आणि तो आईच्या नावाने शिवी देऊन विचारायला लागला की मला कोणी उचललंय.

बाबांचे दोन्ही हात त्याच्यात गुंतले होते. त्यामुळे पुढे ते आणि मागे मी. शेवटची जागा माझ्याकडे आली.

दारापाशी आलो आणि कार्डाकडे बघितलं. सात सोंडा सरळ माझ्याकडे होत्या. झाकणाच्या प्लॅस्टिकमध्ये माझा खांदा दिसत होता, उघडा, आणि खांद्यामागे दोन थप्प्यांमधली फट. दारापाशी एवढ्या जवळ खरं तर फट नव्हतीच. आत्या म्हणाली होती तसं, तिच्यात काहीच मावलं नसतं. जे उभं होतं ते फटीच्या मापाचं होतं. वरपासून खालपर्यंत, बरोबर मापाचं.

मी वळलो नाही. हात मागे नेला, कडी चाचपली आणि दार ओढून घेतलं.

बाहेर उन्हात बाबा मोजत होते. अकरा. आत्या बारा. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेरा. झाले सगळे."

६

यानंतरचं सांगताना मला मजा येते, लपवत नाही.

दाराच्या फटी बाहेरून चिखलाने लिंपल्या. गोळ्या वरच्या झरोक्यांतून टाकल्या. लंबू दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तीच गोष्ट सांगत फिरायला लागला, दर वेळी माझी उंची थोडी वाढवून. साहेबांनी किडे डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टर अठरा पायऱ्या चढून माझ्या खोलीत आले आणि मी त्यांना एकेचाळीस किडे दाखवले. काल, आज, काल, आज. त्यांनी स्वतः बोट ठेवून मोजले. मग खुर्ची ओढून बसले, माझी नव्हे, बाजूची.

"वजाबाकी काढून टाकू," ते म्हणाले. "तू कसं मोजतोस ते लिहून दे."

"कितव्या वर्षाच्या भाषेत लिहू?" मी विचारलं.

त्यांनी ते गिळलं.

सहामधल्या सोंडा वळायच्या थांबल्या. थप्प्या पुन्हा खायला लागल्या आणि मग चार दिवसांत, गोळ्यांनी नीट, हळूहळू मरत गेल्या. जे काय होतं ते गॅसने संपलं, असं सगळ्यांचं ठरलं. जेवताना बाबांनी शब्द वाढणं बंद केलं. शेजाऱ्यांना म्हणाले, "आमचा पोरगा तिथे आहे म्हणून सगळं धड आहे." मी आत होतो, पण ऐकलं. दोनदा ऐकावं म्हणून पाणी प्यायला बाहेर गेलो.

त्यात भर म्हणजे बाकीची गोदामंही सुधारली. तीन नंबर हिरवं झालं, मग आठ, मग एक. नवे किडे शून्य, धुरी न करता. साहेबांनी मिठी मारली मला. "तुझा पायगुण आहे," म्हणाले.

त्यांना काय बोलतोय ते माहीत नव्हतं. मला आठवड्याने कळलं. मी कानांच्या बॅटऱ्या बदलायला ज्या दिवशी ज्या गोदामात गेलो, ते त्या दिवसापासून हिरवं. नोंद उघडली. सोमवारी अकराला मी तीन नंबरमध्ये पहिल्या थप्पीपासून नवव्या थप्पीपर्यंत चाललो. अकरा चारला पहिली गप्प झाली, अकरा सहाला दुसरी, अकरा आठला तिसरी. माझ्याच पावलांच्या वेगाने, दोन थप्प्या मागे.

मी आधी हसलो. खरंच. इतकी वर्षं सगळे सांगत होते की याच्या मागे कोणी उभं राहणार नाही.

मग कार्ड खिशातून काढलं आणि लगेच परत ठेवलं.

७

बाबा आज वर आले. दोन कप चहा घेऊन. एकवीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यासाठी चहा उचललेला मी बघितलेला नाही. एक कप माझ्यापुढे ठेवला आणि हेडफोन मागितला.

"चार नंबरला जातोयस ना बॅटऱ्या बदलायला? जा. मी ऐकतो जरा."

गेलो. सहा थप्प्या होत्या, सहा बॅटऱ्या बदलल्या. परत आलो तर हेडफोन त्यांच्या मांडीवर होता आणि चहावर साय धरली होती.

"डावीकडून सुरुवात केलीस," ते म्हणाले. "तिसरीपाशी थांबलास. बराच वेळ."

"स्क्रू अडकला होता."

"हं." ते खिडकीबाहेर बघत होते, माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याकडे तर अजिबात नाही. "कधीपासून?"

"त्या गुरुवारपासून. दार मी ओढलं तेव्हापासून."

"बोलला नाहीस."

"तुम्ही शेजाऱ्यांना सांगत होतात," मी म्हणालो. आवाज फुटला, तो माझा नव्हता म्हणायला मला आवडेल.

ते उठले. मला वाटलं, आता पाठ फिरवतील. कोणीही फिरवली असती, आणि बरोबर केलं असतं. त्यांनी माझ्या कपातला चहा त्यांच्या कपात ओतून एका घोटात संपवला, वाया जाऊ नये म्हणून. मग बुटांची नाडी बांधली, घट्ट, धुरीच्या दिवशी बांधतात तशी.

"पलंगाखाली वाकून बघितलं होतं तेव्हा काही नव्हतं," ते म्हणाले. "आता वाकून बघत नाही. पण शेवटची जागा मुकादमाची. ती तू त्या दिवशी घेतलीस, माझे हात अडकले होते म्हणून. आता मोकळे आहेत. चल, पुढे हो."

"बाबा, मागे ते..."

"माहीत आहे कोण आहे मागे. मी पायाकडे बघून चालतो. एकतीस वर्षं तेच केलंय. जरा जवळून चालू दे मला, मध्ये कोणाला जागा मिळाली नाही पाहिजे."

त्यांचा तळहात माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध टेकला. आठवड्याभरात त्या जागी पहिल्यांदा ऊब आली.

आम्ही जिना उतरायला लागलो. मी वळलो नाही. खिशातल्या कार्डाला हात लावला नाही. माझे बूट रबरी, त्यांचा आवाज होत नाही. फक्त मागचं ऐकत होतो. ठण. ठण. मध्येच काही थांबेल म्हणून माझे दात दातावर बसले होते. सातवी पायरी वाजली. बारावी वाजली. पाठीवरचा हात एकदाच घट्ट झाला, आणि बाबा कोणाला तरी, मला नाही, हळू आवाजात म्हणाले, "हो बाजूला."

तेरावी वाजली. मी मोजत उतरलो. अठराही वाजल्या.